दारू मोजणाऱ्या ओव्हाळबाई

महिन्याच्या तिसऱ्या रविवारी क्वेकर्स हिलच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये बुद्धवंदना होते. वंदनेनंतर चहा होतो, आणि चहात साखर किती असावी यावरून समाजात जे काही मतभेद व्हायचे असतात ते होतात. अशाच एका चहाच्या वेळी समितीचे अध्यक्ष रामदास जाधव यांनी पद्मा ओव्हाळांना विचारलं, "काय ताई, वेळ कसा जातो इथे?"

मुलाकडे कायमचं राहायला आलेल्या प्रत्येक आईला सिडनीत हा प्रश्न विचारला जातो. त्याची उत्तरंही ठरलेली आहेत. नातवंडं, कढीपत्त्याचं झाड, यूट्यूब. यांपैकी एक निवडायचं आणि बिस्किट घ्यायचं, इतकं सोपं असतं ते.

पद्माबाईंनी चहाचा घोट घेतला आणि जे खरं होतं ते सांगितलं.

"गॅरेजमध्ये दारू मोजते."

रामदासकाकांच्या हातातलं बिस्किट चहात पूर्ण विरघळून गेलं. तासाभरापूर्वीच सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं होतं. त्यातलं पाचवं शील मद्य न घेण्याचं, आणि ते पद्माबाईंनी पुस्तकात न बघता, सगळ्यांहून खणखणीत म्हटलं होतं. हे नंतर लोकांना आठवलं आणि त्यामुळे प्रकरण आणखीच गंभीर झालं.

मंगळवारपर्यंत ही बातमी पेंडल हिलच्या स्टेशनाजवळच्या किराणा दुकानात पोचली होती. तिथे तिला हातभट्टीचं रूप आलं होतं. बुधवारी सकाळी कोणीतरी त्यात फेणीचे काजूही घातले.

आता खुलासा केला पाहिजे. पद्माबाईंनी एकतीस वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी केली. हुद्दा एक्झामिनर. काडतुसं, गोळ्या, पितळी केसा म्हणजे काडतुसांची रिकामी नळकांडी, यांची मापं तपासायची आणि पास किंवा नापास ठरवायचं. काडतुसात जी भरतात तिला कारखान्यात गेटवरच्या शिपायापासून जनरल मॅनेजरच्या चहावाल्यापर्यंत सगळे दारूच म्हणत. आज माझी दारूवर ड्यूटी आहे, असं बायका एकमेकींना सहज सांगत आणि डबा उघडत. एकतीस वर्षं जिभेवर बसलेला शब्द विमानात बसला म्हणून उतरत नाही.

चुकीचा अर्थ झाला हे पद्माबाईंना तिथल्या तिथे कळलं होतं. त्यांनी तो दुरुस्त केला नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही, आणि न विचारता मत बनवणाऱ्यांना मदत करायची त्यांची पद्धत नव्हती.

त्यांचा मुलगा प्रज्ञेश त्या वेळी हॉलच्या दुसऱ्या टोकाला खुर्च्या लावत होता. तो सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो, म्हणजे घराणं एक्झामिनरांचंच. फरक एवढाच की पद्माबाईंच्या हातून चूक सुटली असती तर सरहद्दीवर कोणाच्या तरी हातात बंदूक फुटली असती, आणि प्रज्ञेशच्या हातून सुटली तर ती पुढच्या रिलीजला जाते. मुलगा स्वभावाने चांगला, पण टाळणारा. ऑफिसातल्या पुण्याच्या लोकांनी "ओव्हाळ म्हणजे कुठले?" असं विचारलं की तो पिंपरीचं नाव सांगून विषय ट्रॅफिककडे नेई. पद्माबाईंना हाच प्रश्न पेंडल हिलच्या दुकानात एकीने विचारला तेव्हा त्यांनी कोथिंबिरीची जुडी हातात धरून "आम्ही जय भीमवाले" असं उत्तर दिलं आणि कोथिंबीर शिळी आहे असं सांगून ती परत ठेवली. आई रविवारी कुठे जाते असं कोणी विचारलं, तर प्रज्ञेश "क्लबला" म्हणे. लोकांना वाटे बोलिंग क्लब. तो वाटू देई.

क्लब रायफलचा होता.

त्याचं असं झालं. स्कोफिल्ड्सला नव्या घरांच्या रांगा जिथे संपतात तिथे अजून दोनचार जुन्या वाड्या उरल्या आहेत. कोंबड्या, गंजलेला ट्रॅक्टर, फाटकावर अंड्यांच्या भावाची पाटी. त्यांतल्या एका वाडीत मर्व नावाचा एक्क्याऐंशी वर्षांचा म्हातारा एकटा राहत होता. तीन वर्षांपूर्वी पद्माबाई फिरायला गेल्या आणि अंडी घ्यायला थांबल्या. म्हातारा शेडमध्ये बाकड्यापाशी बसून शिशाची एक गोळी भिंगाखाली धरून शिव्या देत होता. शिव्या इंग्रजी होत्या, पण गोळी ओळखीची होती. पद्माबाईंनी पिशवी खाली ठेवली, न विचारता गोळी उचलली, उजेडात फिरवली आणि एकच शब्द उच्चारला.

"रिजेक्ट."

मर्वने विचारलं, का म्हणून. पद्माबाईंनी नखाने गोळीच्या बुडाची बारीकशी चीर दाखवली. ती त्याला दिसली नाही. डोळ्यांच्या मधोमध त्याला काळा डाग दिसायचा, कडेकडेचं तेवढं दिसायचं. पण बोट फिरवल्यावर लागली. मैत्रीची सुरुवात अशीही होते.

रायफल त्याच्या आजोबांची होती. दस्त्याखालची कडी पुढे ढकलून मागे ओढली की एक काडतूस बाहेर आणि दुसरं आत, अशा जातीची. मॉडेल अठराशे ब्याण्णवचं. आजोबांनी तिने ससे मारले, बापाने ससे मारले, मर्वने कागद मारला, आणि शेवटी तोही मारता येईना. वीस वर्षांपासून तिच्या गोळ्या कागदावर आडव्या लागत. गोळी नीट गेली तर भोक गोल पडतं. हिची भोकं लांबट पडायची, खारकेसारखी, म्हणजे गोळी हवेत कोलांट्या खात जात होती. क्लबातल्या सगळ्यांचं एकमत होतं की नळी झिजली, खेळ संपला, आता ही टोमॅटोच्या वेलाला आधार द्यायला बरी.

पद्माबाईंनी विचारलं, "मोजली का?"

कोणीच मोजली नव्हती.

ही गोष्ट त्यांना फार लागली. कारखान्यात न तपासता नापास करणाऱ्याला मेमो मिळायचा. पास करायला एक सही लागे आणि नापास करायला दोन, कारण चांगला माल टाकून देणं हाही गुन्हाच आहे असं त्यांच्या पहिल्या फोरमनने त्यांना शिकवलं होतं. पद्माबाईंनी हे तत्त्व पुढे गोळ्या, भजी आणि मुलाला सांगून आलेल्या मुली या सगळ्यांना सारखं लावलं. सून प्रतीक्षा ही दुसऱ्या फेरीत पास झालेली.

मग त्यांनी परवाना काढला. साठी उलटलेली बाई सलवार-कमीज घालून सुरक्षिततेच्या परीक्षेला बसली आणि शंभरपैकी शंभर घेऊन आली. पेपरातल्या एका प्रश्नाची भाषा संदिग्ध आहे असं परीक्षकाला सांगूनही आली. पोलिसांचे कागद झाले, महिनाभर थांबणं झालं. गॅरेजच्या फरशीत तिजोरी बोल्टने पक्की बसवली गेली. ते बोल्ट प्रज्ञेशनेच बसवले. आईला छंद लागला याचा त्याला तेव्हा आनंद झाला होता. हे पुढे त्याला सोयीनुसार विसरायला झालं. मर्वने रायफल रीतसर पद्माबाईंच्या नावावर केली. त्याच्या दोन्ही मुलांनी ती नको म्हटलं होतं.

नळी मोजायची रीत साधी आहे. मऊ शिशाचा तुकडा एका टोकाने ठोकून आत घालायचा आणि दुसऱ्या टोकाने बाहेर काढायचा. नळीचं आतलं माप तो अंगावर घेऊन येतो. पद्माबाईंनी तो मायक्रोमीटरमध्ये धरला, तीनदा मोजला, वहीत लिहिला. मर्वच्या आजोबांच्या साच्यातून पडणारी गोळी नळीपेक्षा बारीक होती. दुकानातल्या काडतुसांचीही तीच गत. सैल चपलेत पाय जसा फरफटतो तशी गोळी आतून फरफटत जात होती. नळी निकामी झालेली नव्हती. ती थोडी मोठी होती, एवढंच, आणि तिच्या मापाचं कोणी काही केलं नव्हतं.

मर्व म्हणाला, फरक दोन थाऊचा असेल. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. खडकीत थाऊ म्हणत आणि स्कोफिल्ड्सच्या शेडमध्येही थाऊच म्हणत. पद्माबाईंचं इंग्रजी मर्वला अर्धं कळे आणि मर्वचं इंग्रजी पद्माबाईंना पाव. पण थाऊ दोघांना पूर्ण कळे.

"थ्री थाऊ," पद्माबाई म्हणाल्या.

"टू, मेट."

"थ्री. नॉट टू."

म्हाताऱ्याने हट्टाने दोनच धरले. पद्माबाईंनी वयाचा मान ठेवून साचा आधी दोन थाऊने मोठा केला. साच्याच्या पोटात घासायची पेस्ट लावून हाताने फिरवत राहायचं, पुसायचं, मोजायचं, पुन्हा फिरवायचं. तीन आठवडे गेले. दहा गोळ्या मारल्या, सात गोल, तीन खारका. मर्वने पेस्टची डबी पुन्हा पुढे सरकवली. पुढचा एक थाऊ घासायला आणखी दोन आठवडे लागले, आणि त्या काळात तो रोज अंडी फुकट देत होता. ऑस्ट्रेलियात माफी मागायची हीही एक पद्धत आहे.

शिसं वितळवायचं काम परसात, उघड्यावर, आभाळ बघून. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तर ते अंगावर उडतं. त्यासाठी पद्माबाईंनी जुन्या बाजारातून वेगळं भांडं आणलं आणि त्याला लाल रंगाचा पट्टा मारला, म्हणजे ते चुकूनही स्वयंपाकघरात जाऊ नये. कामाचे कपडे गॅरेजातच उतरायचे आणि आंघोळ केल्याशिवाय घरात कशाला हात लावायचा नाही, ही कारखान्याची शिस्त. घरात सर्वांत घाबरलेली प्रतीक्षा ही शिस्त बघून गप्प झाली. ती हॉस्पिटलात नर्स आहे आणि तिच्या वॉर्डात एवढं कोणी पाळत नाही, असं तिने कबूल केलं.

गोळीला वंगण लागतं, नाहीतर नळीत शिसं चढतं. कधीकाळी काडतुसाला कसली चरबी लावली आहे यावरून अख्खा हिंदुस्थान पेटला होता, हे लक्षात घेऊन पद्माबाईंनी मधमाश्यांचं मेण घेतलं आणि त्यात पेंडल हिलच्या दुकानातलं एरंडेल घातलं. कोणत्याच धर्माची हरकत येण्यासारखी नव्हती. फक्त दुकानदाराने एवढं एरंडेल कशाला म्हणून एकदा काळजीने चौकशी केली.

तर दारूची गोष्ट एवढीच होती. राहिलेलं काम काटा समोर ठेवून एकेका काडतुसाची दारू मोजायचं होतं, आणि त्या रविवारी रामदासकाकांनी नेमकं तेव्हाच विचारलं.

बुधवारी संध्याकाळी रामदासकाका घरी आले. सोबत समितीच्या महिला प्रतिनिधी करुणाताई, आणि करुणाताईंच्या हातात बर्फीचा पुडा. व्यसनी माणसाला भेटायला जाताना गोड न्यावं असं बहुतेक ठरलं असावं. प्रज्ञेश नुकताच कामावरून आला होता. त्याला अजून काही माहीत नव्हतं. रामदासकाका बराच वेळ एकटेपणावर बोलले. परदेशात आईवडिलांना एकटं वाटतं, त्यातून माणूस कशाचा तरी आधार शोधतो, त्यात लाज नाही, पण समाजाने वेळीच हात दिला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रज्ञेश मान डोलवत होता आणि काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं.

पद्माबाई उठल्या. "या, दाखवते."

गॅरेजमध्ये त्यांनी कुलूप काढून डबा बाहेर घेतला, झाकण उघडलं आणि करुणाताईंच्या पुढे धरला. आत खसखशीसारखे करडे दाणे.

"ही दारू. काडतुसात भरायची."

दोघांच्या चेहऱ्यावर सुटल्याची कळा आली. ती अंदाजे चार सेकंद टिकली. मग रामदासकाकांची नजर कोपऱ्यातल्या तिजोरीकडे गेली. पाचव्या शिलातून सुटका झाली होती, पण आता थेट पहिलंच शील उभं राहिलं. प्राणीहत्या न करण्याचं.

त्यांनी ते हळू आवाजात बोलून दाखवलं. माणूस वाईट नव्हता. आयुष्यभर विमा कंपनीत नोकरी केली होती, जोखीम दिसली की त्याला बोलावंच लागे. बौद्ध उपासिकेच्या घरात बंदूक, हे कसं दिसेल, असं त्यांनी विचारलं.

"मी कागद मारते, काका. तोही अजून नीट लागत नाही."

"तरी पण, ताई. शस्त्र ते शस्त्र."

पद्माबाईंनी डब्याचं झाकण लावलं, कुलूप घातलं, ओढून बघितलं, आणि मग बोलल्या. "एकतीस वर्षं मी काडतुसं पास केली. ती कागदावर नाही गेली. तेव्हा मला कोणी पंचशील विचारलं नाही. भूमिपूजनाला वर्गणी मागायला सगळे आले. आमच्या वस्तीतला विहार बांधला त्यातली एक भिंत माझ्या ओव्हरटाइमची आहे. आणि हा," त्यांनी प्रज्ञेशकडे बोट केलं, "याचं अख्खं इंजिनिअरिंग दारूवर झालंय."

प्रज्ञेशने जमिनीकडे बघितलं. करुणाताईंना हसू आलं आणि ते त्यांनी बर्फीच्या पुड्यामागे लपवलं.

रामदासकाका तिजोरीकडे बघत उभे होते. जाता जाता, जणू विषय बदलावा म्हणून, त्यांनी विचारलं की रायफल कुठल्या सालची आहे. पद्माबाईंनी मॉडेलचं साल सांगितलं. अठराशे ब्याण्णव.

रामदासकाका थांबले. त्यांचे खापरपणजोबा पलटणीत सुभेदार होते. त्यांचं पदक घरात अजून आहे, काळं पडलेलं, आणि त्याच्या मागची गोष्ट घरातल्या प्रत्येक पोराला पाठ असते. एके साली इंग्रजांनी ठरवलं की ही जात लढवय्यी नाही, आणि तिची भरती बंद केली. पणजोबा वयात आले तेव्हा दार लागलेलं होतं.

"त्याच साली," ते म्हणाले.

"हो. माहीत आहे मला," पद्माबाई म्हणाल्या. "नापास केलं, तेही न तपासता."

काका दारापर्यंत गेले, परत वळले, आणि फार खालच्या आवाजात विचारलं, "जड असते का हो?" पद्माबाईंनी सांगितलं, तीन किलोला थोडी कमी. तिजोरी त्यांनी उघडली नाही. पाहुण्यांना दाखवायला रायफल बाहेर काढायची नसते. काकांनीही तसं सुचवलं नाही. फक्त जाताना बर्फीचा पुडा परत न्यायचा की ठेवायचा, यावर त्या दोघांचं दारात जरा अडलं.

गाडी वळली आणि प्रज्ञेश बोलायला लागला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, पद्माबाईंना आवाज ऐकायची सवय होती. तो मीटिंगमध्ये बोलतात तसं मुद्देसूद बोलला. विहाराच्या स्वतःच्या जागेसाठी काउन्सिलकडे अर्ज गेला आहे. अर्जावर त्याची सही आहे. उद्या कोणीतरी ईमेल करेल की अर्जदाराच्या घरी बंदूक आहे. कायदेशीर आहे हे वाचायला कोण थांबतं? आपल्याला इथे नाव मिळवायला बारा वर्षं लागली. मग त्याने शेवटचा मुद्दा सांगितला. महिनाअखेरीला ती तिजोरी त्याच्या गॅरेजमध्ये नको.

महिनाअखेरीलाच मर्वही जाणार होता. वाडी बिल्डरला विकली गेली होती आणि म्हातारा वृद्धांच्या वसाहतीतल्या दोन खोल्यांत राहायला चालला होता. तिथे काठी चालते, रायफल चालत नाही. क्लबात आडव्या गोळ्यांची रायफल कोणाला नको होती. पद्माबाईंच्या तिजोरीतून ती निघाली तर पोलिसांकडे जमा होणार आणि यंत्राखाली चेपली जाणार, एवढा एकच रस्ता उरला होता.

"नापास करायचं तर कर," पद्माबाई म्हणाल्या. "घर तुझं आहे. पण तपासून कर. रविवारी कडीच्या रायफलींची मॅच आहे. ये, बघ, मोज, आणि मग लेखी दे."

"आई, हा प्रश्न मोजण्याचा नाहीये."

"तुला कोणी न मोजता नोकरीवरून काढलं तर?"

प्रज्ञेश प्रतीक्षाकडे बघायला लागला. प्रतीक्षाने बर्फी खाल्ली आणि म्हणाली की रविवारी तिला शिफ्ट नाहीये, गाडी ती चालवेल.

रविवारी पश्चिमेचा कोरडा वारा सुटला होता. डोंगराच्या कुशीतली रेंज, लाल धूळ, निलगिरीच्या झाडांवर काकाकुवांचा कल्ला. मर्व घडीच्या खुर्चीत बसला होता, त्याला क्लबातल्या कोणीतरी आणून सोडलं होतं. प्रज्ञेश कानांवर मफ लावून पिवळ्या रेघेच्या मागे उभा राहिला, दवाखान्यात दुसऱ्याचा नंबर लागण्याची वाट बघावी तसा. त्याच्या ओळखीचं तिथे कोणी नव्हतं, तरी त्याने टोपी डोळ्यांवर ओढली होती.

पद्माबाईंनी तीन थाऊच्या गोळ्यांची चाळीस काडतुसं आणली होती. एकही अजून मारलेली नव्हती. प्रत्येक काडतूस त्यांनी आदल्या दिवशी मापाच्या गेजमधून काढलं होतं, आणि चार नापास करून बाजूला ठेवली होती, म्हणजे मुळात चव्वेचाळीस होती. उभ्याने दहा गोळ्या मारायच्या होत्या. त्यांच्या शेजारी एक प्लंबर उभा होता. त्याची रायफल नवी, चकचकीत. त्याने पद्माबाईंच्या रायफलीकडे बघून काहीतरी टोमॅटोचं म्हटलं. पद्माबाईंना टोमॅटो तेवढं कळलं.

त्यांनी कडी ओढली. दहा वेळा. घाई नाही, थांबणंही नाही. साडेसातच्या भोंग्यावर कामाला लागलेल्या बाईसारखी. सातव्या गोळीला वाऱ्याचा झोत आला आणि त्यांचा खांदा हलला, ते त्यांना त्याच क्षणी कळलं.

गोळीबार थांबला, रेंज मोकळी झाल्याचं सांगितलं गेलं, आणि सगळे आपापला कागद आणायला गेले. पद्माबाईंचा नंबर सोळा जणांत अकरावा आला. पहिला आला प्लंबर. पद्माबाईंच्या कागदावर नऊ भोकं चहाच्या बशीएवढ्या जागेत होती आणि एक वर कोपऱ्यात पळालेलं.

पण दहाही गोल होती.

पद्माबाई कागद घेऊन आधी मर्वकडे गेल्या. त्याला मधलं काही दिसत नव्हतं. त्याने कागद मांडीवर पसरला आणि एकेका भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. वीस वर्षांत त्याने या रायफलीची किती भोकं अशी चाचपली असतील कोण जाणे. तो दहाव्या भोकापर्यंत गेला, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"थ्री थाऊ," तो शेवटी म्हणाला.

"नॉट टू," पद्माबाई म्हणाल्या. असली संधी सोडायला त्या काही संत नव्हत्या.

मग त्यांनी कागद प्रज्ञेशला दिला, आणि पिशवीतून कॅलिपर काढून तोही दिला. प्रज्ञेशने आधी तो नुसता धरला. मग प्रत्येक भोक आडवं मोजलं, उभं मोजलं. गरजेपेक्षा जास्त वेळ मोजलं. कपाळावर आठी आली, ती पद्माबाईंना ओळखीची होती. त्यांचीच होती.

"आई, सॅम्पल दहाचं आहे," तो म्हणाला. "दहावरून काही सिद्ध होत नाही. योगायोग असू शकतो."

गेल्या आठवड्याभरात मुलाच्या तोंडून निघालेलं हे पहिलं शहाणपणाचं वाक्य होतं. पद्माबाईंनी विचारलं, किती हवेत. त्याने विचार करून तीसचा आकडा सांगितला.

"उरलेत तीसच," त्या म्हणाल्या आणि परत रेषेवर गेल्या.

मॅच संपली होती, पण रेंज दुपारपर्यंत उघडी होती. त्या दहादहाच्या लॉटमध्ये मारत राहिल्या आणि प्रज्ञेश दरवेळी कागद आणायला स्वतः जाऊ लागला. तिसऱ्या खेपेला त्याने टोपी काढून खिशात ठेवली, धुळीत ती नुसती अडचण होती. प्लंबर येऊन उभा राहिला. त्याने विचारलं हे काय चाललंय, तर प्रज्ञेशने त्याला वंगणातल्या एरंडेलापासून सगळं समजावून सांगितलं, आणि सांगताना ही माझी आई, असंही सांगितलं. चाळीसपैकी चाळीस गोल. त्यांतली सहा भोकं कुठल्या कुठे गेलेली होती. पद्माबाईंनी ती सहाही स्वतःच्या नावावर लावली, गोळीच्या नाही.

पार्किंगमध्ये गाडीच्या टपावर वही ठेवून प्रज्ञेशने अहवाल लिहिला. पद्माबाईंनी रकाने आधीच आखून ठेवले होते. लॉट, नमुना, निकाल, शेरा, सही. निकालात त्याने 'पास' लिहिलं. शेऱ्यात दोन मुद्दे लिहिले. एक, तिजोरी आहे तिथेच राहील. दोन, विहारात 'दारू' हा शब्द टाळून 'पावडर' म्हणावे.

पद्माबाईंनी चष्मा लावून वाचलं. पेन मागितलं. दुसऱ्या मुद्द्यावर आडवी रेघ मारली आणि खाडाखोडीशेजारी नियमाप्रमाणे आद्याक्षरं घातली.

"पावडर तोंडाला लावतात," त्या म्हणाल्या, आणि गाडीत बसल्या.

पुढच्या तिसऱ्या रविवारी, वंदना झाल्यावर, रामदासकाकांनी समितीचा ठराव वाचून दाखवला. विहाराच्या कार्यक्रमाच्या जागी शस्त्र, शस्त्राचे सुटे भाग आणि दारू, कंसात दोन्ही अर्थी, आणण्यास मनाई राहील. ठरावाच्या बाजूने पहिला हात पद्माबाईंचा वर गेला. एकतीस वर्षं गेटवर काडेपेटी जमा करून आत गेलेल्या बाईला त्यात अपमान वाटण्यासारखं काही दिसलं नाही. काउन्सिलचं उत्तर अजून आलेलं नव्हतं. कोणी ईमेल केली असेल तर केली असेल.

चहाच्या वेळी मेलबर्नहून नुकतेच आलेले एक गृहस्थ सगळ्यांशी ओळख करून घेत फिरत होते. प्रज्ञेशकडे आले, नाव विचारलं, आडनाव विचारलं. त्याने सांगितलं, आणि ट्रॅफिकचा विषय काढला नाही. त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या पद्माबाईंकडे बघून कौतुकाने विचारलं की आईंचा वेळ कसा जातो इथे.

आसपासच्या दोनचार माना वळल्या. रामदासकाकांचं बिस्किट कपात अर्धं बुडालेलं होतं.

"दारू मोजते," प्रज्ञेश म्हणाला. "आमच्याकडे तोच शब्द आहे."

या वेळी काकांनी बिस्किट वेळेत बाहेर काढलं.